कॅनडा, ऑस्ट्रेलिया की आखात? विदर्भातल्या बी.फार्म.वाल्यांनी परवाना परीक्षा निवडताना

वणी, पुसद, आर्वी, ब्रह्मपुरी. गाव कुठलंही घ्या, फार्मसी कॉलेजातले पोट्टे शेवटच्या वर्षाला आले की हमखास विचारतात, "दादा, कॅनडा करू का ऑस्ट्रेलिया?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "सोपी कोणती?" हा दुसरा प्रश्नच मला पटत नाही. परीक्षा सोपी की अवघड हे अभ्यासाला बसल्यावर कळतंच. आधी बघायचं ते हे, की परीक्षा पास झाल्यापासून तिथला पहिला पगार हातात पडेपर्यंत किती काळ जातो, आणि तेवढा काळ घर कोण चालवणार. ज्याच्या बापानं कोरडवाहू वावराच्या भरवशावर कॉलेजची फी भरली, त्यानं देश निवडायचा तो या हिशोबानं.

दोन देश आधीच बाजूला काढतो. अमेरिकेत परदेशी फार्मसिस्टला एफपीजीईई ही समकक्षता परीक्षा, म्हणजे आपली पदवी तिथल्या तोडीची आहे का हे ठरवणारी परीक्षा, द्यावी लागते. पण १ जानेवारी २००३ पासून पुढं पदवी घेतलेल्यांना पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम दाखवावा लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची, म्हणजे तिथं दारातच अडते. सहा वर्षांची फार्म.डी. असेल तर हा रस्ता खुला आहे. मग टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात बरेच वरचे गुण आणण्याची तयारी ठेवा, कारण चांगले चांगले तिथंच अडकतात. ब्रिटनमध्ये घरी बसून देण्यासारखी समकक्षता परीक्षाच नाही. तिथल्या विद्यापीठात जाऊन ओस्पॅप हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायचा, त्यापुढं वर्षभराचं प्रशिक्षण, आणि मग नोंदणीची परीक्षा. परदेशी विद्यार्थ्याची फी आधी भरावी लागते, म्हणजे कर्ज पहिल्याच दिवशी अंगावर. ज्याला ते झेपतं त्यानं खुशाल जावं, बाकीच्यांनी त्यात वेळ घालवू नये.

उरतात कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आखात.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया

कॅनडाची सुरुवात नॅप्रा या तिथल्या फार्मसी नियामकांच्या संघटनेच्या 'फार्मसिस्ट्स गेटवे' या संकेतस्थळावर नोंदणी करण्यापासून होते. ओळख क्रमांक मिळाला की पीईबीसी, म्हणजे तिथलं परीक्षा मंडळ, तुमची कागदपत्रं तपासतं. चार वर्षांची बी.फार्म. चालते, नुसती डी.फार्म. चालत नाही. कागद मान्य झाले की इव्हॅल्युएटिंग एक्झाम द्यायची. समकक्षता ठरवणारी परीक्षा हीच, आणि ती भारतात बसून देता येते. इथवर सगळं ठीक. पण ती पास होऊन परवाना मिळत नाही आणि नोकरीही लागत नाही. पुढं क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा. दुसरा ओस्की, म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, समोर रुग्ण म्हणून नट बसलेला, आणि ठरल्या मिनिटांत त्याच्याशी बोलून तोडगा काढायचा. हा भाग द्यायला कॅनडातच जावं लागतं. त्यावर प्रत्येक प्रांताची आपली कायद्याची परीक्षा आणि आपलं प्रशिक्षण किंवा मूल्यमापन. क्यूबेकचा कारभार तर अगदीच वेगळा.

मधल्या काळात लोक काय करतात? बहुतेकजण फार्मसीतच असिस्टंट म्हणून राबतात. गोळ्या मोजा, मांडण्या भरा, फोन घ्या. पदवीधर माणसाला हे लागतं, पण त्या काउंटरवर उभं राहून ओस्कीची भाषा तोंडात बसते हेही खरं. कॅनडाचा मोठा फायदा वेगळाच आहे. पीईबीसीनं केलेली कागदपत्रांची तपासणी एक्स्प्रेस एंट्री या तिथं स्थायिक होण्याच्या योजनेच्या अर्जात शिक्षणाचा पुरावा म्हणून चालते. म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज आणि परवान्याची धडपड एकाच वेळी पुढं सरकू शकते. नवरा-बायको दोघं शिकलेले असतील, एकाची दुसऱ्या क्षेत्रात कमाई सुरू होणार असेल, किंवा बहीण-मेहुणे तिथं आधीच राहत असतील, तर हा लांबचा रस्ता परवडतो. एकट्यानं, खिशात मोजके डॉलर घेऊन, ओळखपाळख नसताना हा रस्ता धरणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

ऑस्ट्रेलियाचं गणित निराळं. तिथं पूर्वी केप्स नावाची दोन पेपरांची परीक्षा होती. २०२५ पासून तिच्या जागी ओप्रा आली. एकच पेपर, १२० प्रश्न, अडीच तास. केप्सच्या जुन्या पीडीएफ टेलिग्रामवर अजून फिरतात आणि काही क्लासवाले त्याच नोट्सना नवं कव्हर घालून विकतात, तेव्हा पैसे देण्याआधी अभ्यासक्रम समोर ठेवून ताडून बघा. जुन्या परीक्षेत रसायनशास्त्र आणि फार्मास्युटिक्स यांचं वजन भरपूर होतं. नवीत सगळ्यात मोठा वाटा थेरप्युटिक्स, म्हणजे कुठल्या रुग्णाला कुठलं औषध कसं द्यायचं याचा, आणि रुग्णसेवेचा आहे.

ओप्रानंतर इंग्रजीची अट पूर्ण करून तात्पुरती नोंदणी मिळते, आणि इंटर्न म्हणून देखरेखीखाली ठरलेले तास भरायचे असतात. हे तास पगारी असतात, आणि माझ्या लेखी ऑस्ट्रेलिया पुढं जाते ती इथंच. इंटर्नशिपच्या काळातच लेखी आणि तोंडी परीक्षा होतात, आणि पूर्ण नोंदणी मिळते. अडचण एकच, पण मोठी : इंटर्नला घेणारी फार्मसी आणि व्हिसा, दोन्ही तुम्हालाच शोधायचे. सिडनी-मेलबर्नमध्ये त्यांचे स्वतःचे विद्यार्थी रांगेत उभे असतात. आडगावातल्या दुकानांना मात्र माणूस मिळत नाही. प्रादेशिक भागासाठीचा ४९१ क्रमांकाचा व्हिसा पाच वर्षांचा असतो, आणि तिथं तीन वर्षं राहून अटी पूर्ण केल्या की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. गावात एकच दवाखाना, एकच मेडिकल, जवळचं शहर दोनशे किलोमीटरवर, याला मुंबईचा पोरगा घाबरेल. एटापल्लीच्या पोराला त्यात नवल काय?

इंग्रजीसाठी इथं आणखी एक सोय आहे. ऑस्ट्रेलियात ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, चालते. त्यात फार्मसीची वेगळी परीक्षा असते आणि बोलण्याच्या भागात तुम्ही फार्मसिस्ट, समोरचा रुग्ण. मराठी माध्यमातून आलेल्याला आयईएलटीएसमध्ये शहर-नियोजनावर निबंध लिहिण्यापेक्षा हे बरं जमतं. आपल्या विषयाचे शब्द तोंडात असतातच.

आखात

पहिल्या पगारापर्यंतचं अंतर आखातात सगळ्यात कमी. दुबईची डीएचए, अबू धाबीची डीओएच, बाकीच्या अमिरातींसाठी आरोग्य मंत्रालय आणि सौदीचा आरोग्य आयोग अशी वेगवेगळी परवाना कार्यालयं आहेत. एकच संगणकावरची परीक्षा, सोबत कागदपत्रांची डेटाफ्लो तपासणी. तिथं कायमचं घर होत नाही, सौदीत स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य वाढत चाललंय, आणि एजंटांचा सुळसुळाट आहे. तरीही घरावर कर्ज असेल, धाकटीचं लग्न तोंडावर असेल, तर मी आधी आखातच सांगतो. तिथं काम करता करता ओप्राचा अभ्यास करणारे पुष्कळ आहेत, आणि ते इथल्यापेक्षा निवांतपणे करतात, कारण महिन्याचा पैसा येत असतो.

फक्त अनुभवाचा दाखला मागितला की आपल्याकडची मेख उघडी पडते. तालुक्याच्या मेडिकलवर दोन वर्षं उभं राहिलात, पगार रोखीत, नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. डेटाफ्लोचा मेल दुकानमालकाला गेला तर तो उघडणार कोण? आणि त्याहून वाईट, तुमचं रजिस्ट्रेशन एका दुकानात भाड्यानं टांगलेलं आणि तुम्ही काम करता दुसरीकडे, असं असेल तर कागदावर तुमचा अनुभव शून्य. महिन्याच्या चार पैशांसाठी ही पाटी टांगणं परदेशी जाणाऱ्याला फार महाग पडतं. जिथं काम करता तिथल्याच परवान्यावर आपलं नाव आहे ना, हे आधी बघा.

अभ्यास कुठं आणि कशाचा

देश कुठलाही निवडा, भोक एकाच जागी आहे. फार्मसी कौन्सिलच्या बी.फार्म. अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजी चौथ्या, पाचव्या, सहाव्या सत्रात येते, फार्मसी प्रॅक्टिस सातव्यात. थेरप्युटिक्स असा स्वतंत्र पेपर नाहीच. फार्म.डी.वाल्यांना तो तीन वर्षं असतो. आणि परीक्षा विचारते नेमकं तेच. उदाहरण घ्या : ७२ वर्षांची बाई, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं वॉर्फरिन चालू आहे, दाताच्या दुखण्यासाठी मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक लिहून आलंय. आपला विद्यार्थी लगेच यकृतातल्या एन्झाइमचं नाव सांगतो आणि थांबतो. त्यांना हवं असतं पुढचं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वाढेल, रक्तस्रावाचा धोका आहे, म्हणून डॉक्टरला फोन करायचा, पर्यायी प्रतिजैविक सुचवायचं, तेच द्यावं लागलं तर आयएनआर कधी तपासायचा, आणि बाईला कुठली लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठायला सांगायचं. हे पाठांतरानं येत नाही.

काही गोष्टींत मात्र आपण पुढं असतो. कपाशीवरच्या फवारणीत विषबाधा झालेले रुग्ण ज्यानं पाहिलेत (२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात तर रांगा लागल्या होत्या), त्याला ॲट्रोपिन का, किती आणि कशावर नजर ठेवून द्यायचं हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडं सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देणाऱ्याचंही तसंच. कच्चे आपण दुसरीकडं : इनहेलर वापरून दाखवणं, आपत्कालीन गर्भनिरोधकाबद्दल न लाजता बोलणं, सिगारेट सोडवणं, अफूजन्य व्यसन सोडवायला दिलं जाणारं मेथाडोन, लसीकरण. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात फार्मसिस्ट स्वतः लस टोचतो, हे ऐकून आपल्याकडं अजून भुवया उंचावतात.

म्हणून गावी राहून तयारी की नागपूरला खोली घेऊन, या वादात माझा कौल तिसऱ्याच बाजूला आहे. क्लासची सगळी फी एकदम भरण्यापेक्षा काही महिने मोठ्या रुग्णालयाच्या फार्मसीत काढा. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, जिथं जमेल तिथं. पगार कमी मिळेल, पण वॉर्डातून उतरणारी प्रिस्क्रिप्शनं रोज डोळ्यांखालून जातील. पाठांतर आणि सराव प्रश्न गावी पहाटेही होतात. उन्हाळ्यात वीज जाते, नेट रेंगाळतं, तर लेक्चर रात्री उतरवून ठेवायचे. सराव परीक्षा मात्र शहरात, अनोळखी संगणकावर, घड्याळ लावून द्या. प्रत्यक्ष परीक्षेसाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या टोकाकडून हैदराबाद जवळ पडतं, आणि बल्लारशावरून तिकडं गाड्या आहेत.

कागदांचं काम अभ्यासाच्या आधी सुरू करा, कारण ते तुमच्या वेगानं चालत नाही. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर आडनावच दुसरं. तिकडच्या कारकुनाला ही एकच बाई आहे हे पटवायला प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्रातली नोंद लागते. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून घ्यायची, आणि कॉलेज शेजारच्या तालुक्यात असलं तरी विद्यापीठ कुठलं ते बघा. नागपूर किंवा अमरावती असेल तर एका दिवसात जाऊन येता येतं. अलीकडं विदर्भातल्या बऱ्याच फार्मसी कॉलेजांची संलग्नता रायगड जिल्ह्यातल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. राज्य फार्मसी कौन्सिलचा गुड स्टँडिंगचा, म्हणजे नोंदणी चालू आणि बिनतक्रार असल्याचा, दाखला मुंबईहून, आणि तो फार आधी काढून ठेवलात तर जुना झाला म्हणून परत मागतात. तेवढा एक कागद शेवटी काढा.

डी.फार्म. करून थेट दुसऱ्या वर्षाला बी.फार्म.ला आलेल्यांनी डी.फार्म.च्या गुणपत्रिकाही याच फायलीत लावा. नाहीतर चार वर्षांची पदवी तीनच वर्षांत कशी झाली, या प्रश्नाचं उत्तर पाठवण्यात परीक्षेचं एक सत्र हातचं जातं.