घरच्या घरी डिस्टॉर्शन मोजायचंय: नुसतं साउंड कार्ड, नॉच फिल्टर की स्वतःचा ऑसिलेटर?

तुमच्या ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन (मूळ आवाजात तो स्वतः घालतो ती भेसळ) ०.०१ टक्क्याच्या आसपास असेल तर फार विचार करू नका. बरं यूएसबी साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरे. खरा प्रश्न ०.००१ टक्क्याच्या खाली सुरू होतो.

नुसत्या कार्डाची मर्यादा पाच मिनिटांत कळते. आउटपुट त्याच्याच इनपुटला एका वायरने जोडा आणि १ किलोहर्ट्झचा टोन सोडा. पडद्यावर २ आणि ३ किलोहर्ट्झला जे काटे (हार्मोनिक, म्हणजे मूळ टोनच्या पटीतले सूर) उभे राहतात ते कार्डाचेच. चांगल्या कार्डात ते मूळ टोनच्या १०० डीबी खाली, म्हणजे ०.००१ टक्क्याच्या आगेमागे असतात. त्याहून बारीक मोजायला जाणं म्हणजे उसाच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं.

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी नॉच फिल्टर, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी दाबणारं सर्किट, बांधा. कार्डाला त्रास होतो तो मोठ्या मूळ टोनचा. तो वाटेतच दाबला की कार्ड निवांत होतं आणि उरलेले बारीक हार्मोनिक स्वच्छ दिसतात. ट्विन-टी या नॉच फिल्टरच्या साध्या जोडणीला एकसारखे चार रेझिस्टर आणि चार कपॅसिटर लागतात (निम्मा रेझिस्टर आणि दुप्पट कपॅसिटर दोन-दोन समांतर जोडून होतात). कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचे, पॉलिप्रॉपिलीन किंवा सीझिरोजी सिरॅमिक. एक्स७आर सिरॅमिक चुकूनही नको, तो स्वतःच डिस्टॉर्शन घालतो. रेझिस्टर मेटल फिल्म, मीटरने जुळवून घेतलेले.

रेझिस्टरचं मूल्य १.५ किलोओहमच ठेवा. तो कुठेही मिळतो आणि नॉच १,०६१ हर्ट्झवर बसते (टोनही तिथेच सोडायचा), तेच बरं. १,००० हर्ट्झचे सगळे हार्मोनिक ५० च्या पटीत येतात, म्हणजे विजेची गुणगुण नेमकी त्यांच्याच डोक्यावर बसू शकते. शेजारी पॉवरलूम धडधडत असतील तर हा फरक पडद्यावर डोळ्यांनी दिसतो. मी फिल्टर तुपाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला. चार्जर लावला की १०० आणि १५० हर्ट्झचे काटे बोटभर उंच व्हायचे.

नॉच किती खोल हवी? ४० डीबी पुरे. ९०-१०० डीबीच्या मागे लागून प्रीसेट (बारीक जुळणीचा रेझिस्टर) फिरवत बसू नका. एप्रिलच्या दुपारी खोली दहा अंशांनी तापली की पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर साधारण ०.२ टक्के घटतो, नॉच दोनेक हर्ट्झ सरकते आणि टोन ६० डीबीच्या आसपासच दबतो. तरीही आपलं काम अडत नाही.

एक चूक मात्र मी केली. ट्विन-टी दुसऱ्या हार्मोनिकलाही ९ डीबी आणि तिसऱ्याला ५ डीबी दाबते. ते डीबी आकड्यात परत जोडायला विसरलो आणि आठवडाभर स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर खूश होतो. शिवाय कार्डाचं इनपुट फिल्टरवर भार टाकतं, म्हणून मध्ये एनई५५३२ या ऑप-ॲम्पचा बफर (भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) घाला. पॉवर ॲम्प्लिफायर मोजताना ८ ओहमच्या डमी लोडवर ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट, हेही ध्यानात ठेवा. व्होल्टेज कमी करणारा विभाजक लावल्याशिवाय कार्डाला जोडू नका. ब्रिज जोडणीच्या (एकाच स्पीकरची दोन्ही टोकं दोन ॲम्प्लिफायर चालवतात अशा) आउटपुटची कुठलीच वायर ग्राउंड नसते, तिथे तर हे फिल्टर थेट लावूच नका.

ऑसिलेटरचा, म्हणजे कार्डाऐवजी स्वच्छ टोन देणाऱ्या स्वतःच्या सर्किटचा, नंबर नंतरचा. नॉच लावल्यावर दोष कार्डाच्या टोनमध्येच दिसला तर. तो ओळखायची खूण: ॲम्प्लिफायरसकट आलेला आकडा नुसत्या टोनच्या आकड्यापेक्षा कमी आला तर ॲम्प्लिफायर चमत्कारी नाही, दोन्हींचे हार्मोनिक उलट फेजमध्ये एकमेकांना खातायत.

वीन ब्रिज या ऑसिलेटरच्या नेहमीच्या जोडणीला गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) बरोबर ३ लागतो, आणि तो धरून ठेवणं हीच डोकेदुखी. १९३९ मध्ये विल्यम ह्यूलेटने साध्या बल्बने ते साधलं: व्होल्टेज वाढलं की तार तापते, रेझिस्टन्स वाढतो, गेन आपोआप खाली येतो. बल्बऐवजी जेएफईटी या ट्रान्झिस्टरने सर्किट आटोपशीर होतं, पण तो स्वतःचं डिस्टॉर्शन घालतो. एलईडी-एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) जोडी त्याहून बरी. माझा ऑसिलेटर अर्धा बांधून पडलाय, बारक्या २८ व्होल्टच्या बल्बच्या शोधात.