१५ रुपयांचा डिजिटल सातबारा: सेवा चांगली, कागद १८३५ चा

महाराष्ट्र सरकारच्या महाभूमी पोर्टलवर मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सेवा म्हणून चोख आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आत जा, खात्यात पैसे भरा, जिल्हा, तालुका, गाव, गट निवडा. १५ रुपये कापले जातात आणि पीडीएफ मिळते. फुकटात दिसणारा, विनास्वाक्षरीचा उतारा फक्त बघण्यापुरता; तो सरकारी कामाला लावू नका. उताऱ्यावरची 'प्रलंबित फेरफार' आणि 'शेवटचा फेरफार क्रमांक' हे दोन रकाने आधी वाचा. फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, प्रलंबित असेल तर आज दिसणारी नावं उद्या बदलू शकतात.

खरी अडचण कागद वाचताना येते, कारण त्याचा सांगाडा ब्रिटिश शेतसाऱ्याचा आहे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून सारा लावला. दर झेपले नाहीत आणि जमिनी ओस पडल्या. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम केलं: ३३ फुटी साखळी, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून आण्यांत जमिनीची प्रत म्हणजे दर्जा, ३० वर्षांसाठी ठरलेला सारा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. उताऱ्यातला 'आकार' (ठरलेला सारा) आणि 'पोटखराब' (लागवडीला अयोग्य भाग) हे त्याच पद्धतीचे अवशेष.

या रयतवारी पद्धतीत सरकारचा व्यवहार थेट खातेदाराशी होता. बंगाल-बिहारमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्याने सारा जमीनदाराशी ठरला आणि त्यासाठी शेतं मोजावी लागली नाहीत. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांच्या २००५ च्या अभ्यासात जमीनदारीचे जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादकता या दोन्हींत मागे दिसतात. पण तेवढ्यावरून रयतवारीचे गोडवे गायला नकोत. मुदत संपल्यावर इंदापुरातला सारा वाढला, कापसाचे भाव कोसळले आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची कर्जखतं जाळली गेली.

साऱ्यासाठी बनलेला कागद मालकीचा दाखला नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, एवढंच. हद्द तर त्यात नाहीच. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी नकाशा आणि गुणाकार बुक ही मोजणीची जुनी कागदपत्रं काढा. एकत्रीकरण झालेल्या, म्हणजे तुकडे जोडून गट पाडलेल्या गावात आधी गट नंबरवरून जुना सर्व्हे नंबर काढावा लागतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

'भोगवटादार वर्ग २', म्हणजे हस्तांतरणावर बंधनं असलेली जमीन, दिसलं की थांबा. यातल्या बऱ्याच जमिनी मूळच्या इनाम-वतनाच्या (सेवेपोटी किंवा बक्षीस मिळालेल्या), म्हणजे इंग्रजांच्याही आधीच्या. वतनं १९५० आणि १९५८ च्या कायद्यांनी गेली, पण जमिनी वतनदारांना परत देताना घातलेल्या हस्तांतरणाच्या अटी राहिल्या. परवानगीशिवाय झालेला व्यवहार अंगाशी येतो, आणि महार वतनाच्या जमिनींत तर विशेष. इसार देण्याआधी मूळ फेरफार पाहा. मुळात सर्वाधिक बंधनं दुबळ्या वतनदारांच्याच जमिनीवर राहावीत, हे खटकतं.

पोर्टल सगळ्या महाराष्ट्राला एकच नमुना देतं, इतिहास मात्र एक नव्हता. कोकणात सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये सारा वसूल करणारा खोत होता. तिथे खोती रद्द झाल्यानंतरचे आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाच्या (कूळ कायद्याने कुळं मालक ठरण्याचा दिवस) आगेमागचे कुळांचे फेरफार शोधा. मराठवाड्यात निजामी अमलामुळे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक पाहायचं. पूर्व विदर्भात मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजारामार्फत भरला जाई, म्हणून अधिकार अभिलेखासोबत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या सामायिक हक्क-वहिवाटीच्या नोंदीही मागा. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावाखालची जमीन घेताना पाणी, चराई, वाट यांचे हक्क या नोंदींत असतात, सातबाऱ्यावर नाही.

जुन्या नोंदींच्या स्कॅन प्रती वेगळ्या सेवेत मिळतात. मोडी अक्षर असेल तर वाचणारा आधी गाठा. पाचपैकी गुण द्यायचे तर उतारा मिळण्याच्या सोयीला चार, तो समजून घ्यायला पोर्टल जी मदत करतं तिला दीड. गोव्याची जमीन इथे शोधू नका. तिकडे नमुना १ व १४ आहे आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या सामायिक जमिनींचे नियम निराळे.