समर कॅम्पची नोकरी, अमेरिकेची सहल आणि पिवळ्या ओळीचा हिशेब

२०२४ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका निवासी समर कॅम्पवर नऊ आठवडे काउन्सेलर (मुलांना सांभाळणारी, खेळ शिकवणारी) म्हणून काम केले. नोकरी खरी होती, व्हिसा खरा होता आणि कॅम्पने करारातला पगार शेवटच्या सेंटपर्यंत चुकता केला. तरीही या प्रवासात आमच्या घरचे तीन लाखांहून अधिक रुपये बुडाले, आणि ते कोणत्या वाटेने गेले हे मला तिथे पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळले. बनावट नोकऱ्यांच्या फसवणुकीबद्दल पुष्कळ छापून येते. खऱ्या नोकरीच्या आडोशाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल मला जायच्या आधी कोणी सांगितले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी सांगलीची. बी.पी.एड. केलेले आहे आणि आठव्या वर्षापासून दोरीचा मल्लखांब करते. पुण्यातील एका सल्लागार कार्यालयाची जाहिरात मैत्रिणीने पाठवली आणि डिसेंबरमध्ये बाबांना घेऊन मी तिथे गेले. तिथल्या सरांनी माझे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त दोरी घेऊन या, बाकी सगळं आमच्यावर सोडा." मग त्यांनी एक छापील तक्ता पुढे सरकवला. त्याची शेवटची ओळ पिवळ्या रंगाने भरलेली होती.

तो तक्ता मला आजही पाठ आहे. प्रोग्रॅम फी १,६५,०००, सेविस (अमेरिकी सरकारची परदेशी पाहुण्यांची नोंदणी यंत्रणा) फी २८,०००, व्हिसा फी ३२,०००, विमा ४५,०००, परत मिळणारी अनामत ६०,०००, आणि कॅम्प संपल्यावरची न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व नायगारा अशी चौदा दिवसांची सहल ९५,०००. बेरीज ४,२५,०००. विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट आम्हीच काढायचे होते, ते ९२,००० ला पडले. यासमोर मिळकतीच्या रकान्यात तासाला १५ डॉलर, दिवसाला आठ तास, आठवड्याला सहा दिवस, नऊ आठवडे असा गुणाकार करून ६,४८० डॉलर दाखवले होते, म्हणजे त्या वेळच्या ८३ रुपयांच्या भावाने ५,३७,८४०. पिवळ्या ओळीत लिहिले होते : शिल्लक २०,८४० रुपये. सगळा खर्च वळता होऊन, अमेरिका पाहून, वर वीस हजार हातात.

बाबा एसटीत वाहक आहेत. सत्तावीस वर्षे ज्या माणसाने एकाही प्रवाशाला तिकिटाशिवाय उतरू दिले नाही, त्या माणसाने त्या दिवशी बिनशिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवला. यात त्यांचा दोष मी काढत नाही, कारण तक्त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. सेविस फी असते, व्हिसा फी असते, विमा सक्तीचा असतो. खोटे होते ते फक्त आकडे, आणि शब्द खरे असले की आकड्यांकडे संशयाने पाहावेसे वाटत नाही. आईच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवून अडीच लाख उभे केले, उरलेले मामाकडून घेतले.

आता खरे आकडे सांगते. समर कॅम्पसाठी जे-१ या देवाणघेवाण व्हिसाचा कॅम्प काउन्सेलर हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यासाठी सेविसची फी ३५ डॉलर आहे, म्हणजे सुमारे २,९०० रुपये. ती सरकारी संकेतस्थळावर स्वतःच्या कार्डाने भरता येते आणि पावती अर्जदाराच्या नावाने निघते. व्हिसा अर्जाची फी १८५ डॉलर होती, सुमारे साडेपंधरा हजार. विम्याबाबत अमेरिकी नियम असा आहे की प्रत्येक आजारपणासाठी किंवा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण हवे. माझ्या बाबतीत तो विमा प्रायोजक संस्थेच्या, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याची मान्यता असलेल्या आणि मला या कार्यक्रमात घेणाऱ्या संस्थेच्या, फीमध्येच धरलेला होता आणि ती संपूर्ण फी होती १,०५० डॉलर. तिन्ही मिळून १,०५,४१० रुपये होतात. आमच्याकडून या चार रकान्यांखाली २,७०,००० घेतले गेले.

मिळकतीच्या बाजूचे खोटे तर याहून मोठे होते. तासाला १५ डॉलर हा दर माझ्या करारात कुठेही नव्हता. हंगामी समर कॅम्पना अमेरिकेच्या केंद्रीय किमान वेतन कायद्यातून सूट मिळू शकते आणि काउन्सेलरला बहुधा संपूर्ण हंगामाची ठोक रक्कम दिली जाते. राहणे आणि जेवण कॅम्पचे असते. नियमाप्रमाणे परदेशी काउन्सेलरला तिथल्या अमेरिकी काउन्सेलरच्या बरोबरीने मोबदला द्यावा लागतो, आणि तसा तो मला मिळाला : १,९०० डॉलर. त्यातून केंद्राचा प्राप्तिकर आणि पेनसिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के राज्य कर वजा झाला आणि शेवटच्या दिवशी हातात साडेसोळाशे डॉलरच्या आसपास आले, तेही कागदी चेकने. माझे तिथे बँकेत खाते नव्हते. कॅम्पच्या व्यवस्थापक बाईंनी स्वतःच्या गाडीतून गावातल्या बँकेत नेऊन तो वटवून दिला नसता तर मी तो चेक घेऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभी राहिले असते.

म्हणजे प्रामाणिक मांडणी केली असती, तरी सहल धरण्याआधीच हा हिशेब सुमारे साठ हजारांनी तोट्यात जात होता. कॅम्पच्या नोकरीतून पैसे साठत नाहीत, अनुभव मिळतो, आणि तो अनुभव माझ्या मते तेवढ्या किमतीचा आहेही. दोन ओक झाडांच्या मधल्या तुळईला दोरी बांधून, खाली गादी घालून, चार फुटांच्या वर न जाण्याच्या अटीवर मी दहा-बारा वर्षांच्या मुलींना पहिली पकड शिकवली, ते दिवस मी विसरणार नाही. परंतु "साठ हजार खर्चून ये" असे कोणी स्पष्ट सांगितले असते, तर आम्ही घरात बसून ठरवले असते, आणि पाटल्या कपाटातून निघाल्या नसत्या.

हे सगळे आधी का कळले नाही, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. उत्तर एका ई-मेल पत्त्यात आहे. कार्यालयात पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या नावाने एक नवीन ई-मेल खाते उघडले. "अमेरिकेचे मेल तुमच्या रोजच्या खात्यात हरवतील," असे कारण दिले. पासवर्ड त्यांच्याकडे राहिला, पडताळणीसाठी क्रमांकही त्यांचाच दिला गेला. त्या खात्यावरून त्यांनी प्रायोजक संस्थेकडे माझा अर्ज केला, जणू मी स्वतःच थेट अर्ज करत आहे. संस्थेच्या लेखी मध्ये कोणी एजंट नव्हताच. संस्थेने मला पाठवलेले प्रत्येक पत्र, फीची प्रत्येक पावती, पगाराचा आकडा असलेला करार, सगळे त्या खात्यात पडून होते आणि मला त्यातले निवडक कागद छापून दिले जात होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावले होते की आमच्या कार्यालयाचे नाव घ्यायचे नाही, अर्ज स्वतः केला असेच सांगायचे. तिथेच मी थांबायला हवे होते. डीएस-२०१९ हा प्रायोजक संस्थेने दिलेला मूळ कागदही मला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीसमोर, रांगेत उभे राहण्याच्या दहा मिनिटे आधी बंद पाकिटात मिळाला. त्या कागदावर आर्थिक आधाराचा एक रकाना असतो. त्यात १,९०० हा आकडा छापलेला होता, तो मी पाहिलासुद्धा, आणि भीतीच्या भरात मला वाटले की तो एका महिन्याचा असावा.

कॅम्पवर तिसऱ्या आठवड्यात प्रायोजक संस्थेच्या प्रतिनिधी भेटीला आल्या. त्यांनी सहज विचारले की आमच्या चार मेलना उत्तर का दिले नाही. मी म्हणाले, मला एकही मेल आलेला नाही. त्यांनी पासपोर्ट पाहून ओळख पटवली, नोंदीतला पत्ता बदलला आणि जुना सगळा पत्रव्यवहार माझ्या खऱ्या खात्यावर पाठवला. वायफाय फक्त कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचत असे. रात्री मुली झोपल्यावर त्या पायरीवर बसून, डास मारत, मी सदतीस मेल वाचले. सेविसची पावती उघडली तेव्हा ३५ नंतर आणखी दोन शून्ये असतील म्हणून मी पडदा बोटांनी मोठा करून पाहिला. शून्ये होती, पण दशांश चिन्हानंतर.

पुण्याला फोन केला. सर शांत होते. सेवाशुल्क प्रत्येकात मिळवलेले असते, अनामत आल्यावर देऊच, सहलीचे बुकिंग पक्के आहे, व्हाउचर पाठवतो. व्हाउचर खरोखरच आले, आणि इथे मी दुसऱ्यांदा फसले, या वेळी डोळे उघडे असताना. हॉटेलचे नाव, बुकिंग क्रमांक, माझे नाव सगळे बरोबर होते. मी हॉटेलला फोन करून विचारले नाही. ९५,००० गेले असे मानण्याची माझ्या मनाची तयारी नव्हती, हेच खरे कारण.

१७ ऑगस्टला कॅम्पच्या बसने आम्हाला मॅनहॅटनमधल्या पोर्ट अथॉरिटी बस स्थानकावर सोडले. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने क्रमांक टाकला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला : बुकिंग ६ ऑगस्टला झालेले, ९ ऑगस्टला रद्द. ज्या खोलीचे पैसे हॉटेलवर पोहोचल्यावर द्यायचे असतात आणि जी फुकट रद्द करता येते, अशी खोली राखून ठेवायची, छापील प्रत काढायची आणि मग ती रद्द करायची, इतकी ही साधी युक्ती आहे. माझ्या व्हाउचरवर तळाशी बारीक अक्षरात पैसे हॉटेलवर द्यावे लागतील असे लिहिलेलेही होते. बसच्या सहलीचे व्हाउचर तर कोणत्याच कंपनीच्या नोंदीत सापडले नाही.

त्या रात्री हॉस्टेलमधल्या आठ जणींच्या खोलीतल्या एका खाटेसाठी मी ६८ डॉलर मोजले. दुसऱ्या दिवशी आईच्या मैत्रिणीची बहीण, जिला मी त्याआधी एकदाच लग्नात पाहिले होते, ती न्यू जर्सीतल्या एडिसनहून घ्यायला आली आणि परतीच्या तिकिटापर्यंत तिने मला मुलीसारखे ठेवून घेतले. न्यूयॉर्क मी त्यांच्या घरून जाऊन-येऊन पाहिले. सबवेचे २ डॉलर ९० सेंट आणि स्टॅटन आयलंडची फुकट फेरीबोट, जिच्यातून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा चांगला दिसतो. नायगारा राहिला.

याच दिवसांत सरांचा आणखी एक सल्ला आला, तो मुद्दाम नोंदवते. पैशांची अडचण असेल तर महिनाभर एखाद्या मोटेलमध्ये रोखीने काम करा, सगळे करतात, असे त्यांनी सुचवले. कॅम्पचा कार्यक्रम संपल्यानंतर जे तीस दिवस मिळतात ते अमेरिकेत फिरण्यासाठी आणि परतीच्या तयारीसाठी असतात. त्यात काम करण्याची परवानगी नसते, आणि केल्यास पुढचे सर्व व्हिसा धोक्यात येतात. एडिसनच्या या मावशीच्या यजमानांनी हे ऐकून माझ्या हातातून फोनच काढून घेतला.

परत आल्यावर अनामतीसाठी पुण्याला गेलो तर त्या जागेत गणिताचा क्लास सुरू होता. पावत्यांवरचा जीएसटी क्रमांक मी जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासला. सुरुवातीचा महाराष्ट्राचा २७ बरोबर होता, पण नोंदणी मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्या एका वेगळ्याच दुकानाची निघाली. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे, त्याची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर मिळते, आणि त्याला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आमच्या सरांचे नाव त्या यादीत नव्हते. जे-१ च्या मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थांची यादीही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर प्रकारानुसार उपलब्ध आहे. तिथून थेट अर्ज करता येतो, किंबहुना माझा अर्ज तसाच झालेला होता.

पोलिसांत तक्रार दिली आहे. बहुतेक रक्कम बाबांनी यूपीआयने पाठवली होती, पण १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करेपर्यंत आठ महिने उलटले होते आणि त्या खात्यात काही उरले नव्हते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही गेलो आहोत; पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. नोटीस "प्राप्तकर्ता पत्ता सोडून गेला" या शेऱ्यासह परत आली आहे. बाबांनी ते पाकीट न फोडता तसेच वकिलांकडे दिले. पाटल्यांचे व्याज दर महिन्याला भरतो आहोत.

गेल्या महिन्यात आमच्या आखाड्यातला एक मुलगा घरी आला. त्याला युरोपातल्या एका साहसी शिबिरात हंगामी नोकरी मिळते आहे, नंतर पंधरा दिवस फिरणे. त्याने मोबाइलवर एक तक्ता दाखवला. डॉलरच्या जागी युरो होता, कार्यालयाचे नाव वेगळे होते, आणि शेवटची ओळ पिवळी होती. मी त्याला म्हटले, आधी अर्जासाठी स्वतःचा ई-मेल दे.

"ताई, तो सरांनी आधीच काढून ठेवलाय," तो म्हणाला.