‘वेंडीज गोल्ड’च्या नावाखाली साधे कंद: स्नोड्रॉप विकत घेताना होणारी फसवणूक

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी बागप्रेमी बाईंनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन लिलावातून स्नोड्रॉपचे (गॅलँथस, हिवाळ्याच्या शेवटी उमलणारं छोटं पांढरं फूल) तीन सुके कंद घेतले, प्रत्येकी १८ पौंडांना. जाहिरातीत नाव ‘वेंडीज गोल्ड’, सोबत पिवळ्या बीजांडकोशाच्या (पाकळ्यांच्या वरच्या फुगीर भागाच्या) फुलाचा सुंदर फोटो. विकणारा खासगी माणूस होता. कंद टणक होते, बुरशी नव्हती, पाकिटावर नाव नीट लिहिलेलं होतं. जानेवारीत पानं वर आली आणि फेब्रुवारीत फुलं उमलली ती साधी, पांढरी, हिरव्या खुणेची. इंग्लंडात चर्चच्या आवारात हजारोंनी फुलणारा गॅलँथस निव्हॅलिस. विचारणा केल्यावर उत्तर आलं, ‘पिवळे वाण जागा बदलली की वर्षभर हिरवे होतात, पुढच्या हंगामात बघा.’ त्या थांबल्या. पुढच्या फेब्रुवारीतही फूल हिरव्याच खुणेचं आलं, आणि तोवर विकणाऱ्याचं खातं बंद झालं होतं.

रक्कम ५४ पौंड. एवढ्यासाठी कोण भांडत बसणार, असं म्हणून बहुतेक लोक सोडून देतात आणि म्हणूनच हा प्रकार चालू राहतो. या व्यवहाराचं सगळं गणित तारखांवर बसवलेलं आहे, ते आधी समजून घ्या.

सुक्या कंदावरून स्नोड्रॉपचा वाण कोणालाही ओळखता येत नाही, मुरलेल्या संग्राहकालाही नाही. एल्वेसाय प्रजातीचे कंद सहसा मोठे असतात, पण तोही नुसता अंदाज. ओळख पटते ती पान आणि फूल आल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. लिलावाच्या संकेतस्थळांवर तक्रारीची मुदत साधारण ३० दिवसांची असते, ती ऑगस्टमध्येच संपते. पेपलवर १८० दिवस मिळतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरले असतील तर ही मुदत डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते. क्रेडिट कार्डाच्या कंपनीला जबाबदार धरणारं १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ एका वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त असेल तरच लागू होतं. २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट व्यापाऱ्यांसाठी आहे, खासगी विक्रेता त्यातून सुटतो. माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे ही १९७९ च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टची अट त्यालाही लागू आहे, पण ती वापरायची तर त्याचं खरं नाव आणि पत्ता हाती हवा. म्हणून अनोळखी खासगी माणसाकडून उन्हाळ्यात नावाचा सुका कंद घेऊ नका. ओळखीचे, नाव कमावलेले संग्राहक सुप्तावस्थेतले कंद जून-जुलैत विकतात आणि ते कंदाच्या प्रकृतीला मानवतंही. तिथे भरवसा त्या माणसावर असतो, पाकिटावरच्या अक्षरांवर नाही.

आता विकणाऱ्याचं ते उत्तर. ते अर्धं खरं होतं, म्हणूनच पचलं. ‘लेडी एल्फिन्स्टन’ हा दुहेरी फुलाचा पिवळा निव्हॅलिस हलवल्यावर एखाद-दोन हंगाम हिरव्या खुणा दाखवतो, हे संग्राहकांना चांगलं ठाऊक आहे. पिवळ्या वाणांना उजेड कमी पडला तर रंग फिका पडतो, हेही खरं. पण ‘वेंडीज गोल्ड’ निव्हॅलिस नव्हेच. केंब्रिजजवळच्या वॉन्डलबरीत सापडलेला तो गॅलँथस प्लिकेटसचा वाण आहे, आणि प्लिकेटसचं पान निव्हॅलिससारखं कधीच येत नाही. खुणेचा रंग बदलू शकतो, पानाची घडी बदलत नाही. जानेवारीत कोंब बोटभर वर आले तेव्हाच प्रश्न निकालात काढता आला असता.

पान पाहायचं ते असं. कोंब तीन ते पाच सेंटिमीटर झाला की दोन्ही पानं आवरणातून बाहेर येतात ती जागा, अगदी बुडाशी, भिंगातून बघा. दोन्ही पानं समोरासमोर सपाट चिकटलेली असतील तर निव्हॅलिस. दोन्ही कडा मागच्या बाजूला दुमडलेल्या असतील, कापडाला दुमड घालतात तशा, तर प्लिकेटस. एका पानाने दुसऱ्याला कवेत घेतलं असेल तर एल्वेसाय किंवा वोरोनोवाय. त्यात एल्वेसायचं पान रुंद आणि राखाडी-निळसर, वोरोनोवायचं चकचकीत गवती हिरवं. फूल संपेपर्यंत थांबलात तर पानं लांबतात, प्लिकेटसची दुमड वरच्या भागात उलगडते आणि मग शंका राहते. तेव्हाही बुडाशी खूण सापडते, पण शोधावी लागते. प्लिकेटस आणि निव्हॅलिस यांच्या संकरात दुमड अर्धवट असते, कधी एकाच कडेला, कधी फक्त खालच्या भागात. म्हणून ही कसोटी एका बाजूनेच पक्की आहे. प्लिकेटसचा वाण म्हणून विकलेल्या कंदाचं पान पूर्ण सपाट आलं तर नाव नक्की चुकीचं. पान दुमडलेलं आलं तर प्रजाती जुळली इतकंच, वाण अजून सिद्ध व्हायचा आहे.

फुलावरच्या खुणा मोजून प्रजाती ठरवण्याची सवय नव्या संग्राहकांना फार लवकर लागते, आणि विकणारे तिचा फायदा घेतात. आतल्या पाकळीवर टोकाशी एक आणि बुडाशी एक अशा दोन हिरव्या खुणा म्हणजे एल्वेसाय, हे ठोकळमानाने ठीक. पण एल्वेसायचाच मोनोस्टिक्टस नावाचा प्रकार एकाच खुणेचा असतो, आणि काही फुलांत दोन खुणा मिळून फुलीसारखी एकच आकृती होते. पाहण्याचा क्रम असा ठेवा: आधी पान, मग बाहेरच्या तीन पाकळ्या, मग आतल्या तीन पाकळ्यांवरची खूण आणि टोकाची खाच, मग बीजांडकोशाचा रंग-आकार, शेवटी देठाची लांबी. ‘मॅग्नेट’सारख्या वाणात फुलाचं बारीक देठ इतकं लांब असतं की वाऱ्यात फूल झुलतं, तिथे देठच मोठा पुरावा.

एवढा खटाटोप लोक का करतात, तर किमतीमुळे. २०१२ साली ‘एलिझाबेथ हॅरिसन’ हा पिवळा वोरोनोवाय ७२५ पौंडांना गेला. २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’चा एक कंद १,३९० पौंडांना, २०२२ मध्ये ‘गोल्डन टीअर्स’ १,८५० पौंडांना. या बातम्या वाचून पिवळं दिसेल ते दुर्मीळ असा समज पसरला आणि खोट्या पिवळ्यांचा बाजार वाढला. ‘वेंडीज गोल्ड’ आज दुर्मीळ राहिलेला नाही. चांगल्या रोपवाटिकेत फुलासकट कुंडी मिळत असताना पाकिटातला सुका कंद घेण्याचं काही कारण नाही.

दुर्मीळ वाणाच्या बाबतीत साठ्याचा विचार करा. कंदाचे उभे तुकडे करून, वर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणाऱ्या हलक्या खनिज भुश्यात) बंद पिशवीत साधारण २० अंश सेल्सियसला बारा आठवडे ठेवले की बाळकंद धरतात. एका कंदाचे आठ ते सोळा तुकडे होतात, त्यातले काही कुजतात, उरलेल्यांना फुलायला तीन-चार वर्षं लागतात. त्यामुळे अलीकडेच बाजारात आलेला वाण एखाद्या अनोळखी विक्रेत्याकडे पन्नासेक कंदांच्या संख्येत दिसला तर पहिला प्रश्न विचारा: मूळ कंद कोणाकडून, कोणत्या वर्षी घेतला? प्रामाणिक संग्राहकाला हे तोंडपाठ असतं.

सगळी चुकीची नावं लबाडीतून येत नाहीत, आणि हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सर्वांत जास्त घोळ बियांतून होतो. वाणाचं नाव कंदाच्या वाढीतून, म्हणजे बाळकंद किंवा तुकडे यांतूनच पुढे जातं. बीजातून आलेलं रोप कितीही सारखं दिसलं तरी त्याला आईचं नाव लावता येत नाही. ब्रिस्टलच्या वेस्टबरी-ऑन-ट्रिममधून आलेल्या ‘ट्रिम’च्या बाहेरच्या पाकळ्यांवर ठसठशीत हिरवी खूण असते. त्याच्या बीजरोपांतही ती उतरते. ‘ट्रिमलेट’ हा अशाच रोपांतला, स्वतःचं नाव मिळालेला वाण. बाकीची बिननावाची रोपं ‘ट्रिम’ म्हणून विकली जातात, कधी जाणूनबुजून, कधी वाफ्यात बी पडलं हे मालकाच्या लक्षातच न आल्यामुळे. म्हणून नावाचे वाण जाळीदार टोपलीत वेगळे लावा, बोंडं पिकण्याआधी खुडा, आणि नावाची एक पट्टी वर लावा, एक टोपलीत कंदाच्या शेजारी पुरा. वरची पट्टी पक्षी उपटतात.

हेरिक ग्रेटोरेक्स यांनी नॉरफकमध्ये तयार केलेले दुहेरी फुलांचे वाण तर जुन्या बागांतसुद्धा मिसळलेले आहेत. ‘ऑफेलिया’, ‘डेस्डेमोना’, ‘जॅक्वेनेट्टा’, ‘हिपॉलिटा’ ही नावं बहिणी-बहिणींची, दिसायला फार जवळची. त्यातल्या एखाद्यासाठी जास्त पैसे मोजताना नावापेक्षा तो कंद कोणत्या बागेतून आला ती साखळी मागा. ‘सँडर्सी’ हे नॉर्थम्बरलंडकडच्या पिवळ्या निव्हॅलिसांच्या गटाचं नाव आहे, एका वाणाचं नव्हे. त्या नावाखाली आलेले दोन कंद वेगळे दिसले तर ती फसवणूक समजू नका.

एका हंगामाचं विचित्र फूल नवा वाण म्हणून विकणं हा मात्र सरळ गैरप्रकार. हलवलेल्या किंवा दुखावलेल्या कंदाला चार पाकळ्या येतात, टोकं हिरवी होतात, फूल वेडंवाकडं उमलतं आणि पुढच्या वर्षी सारं पूर्ववत होतं. सलग तीन हंगामांचे फोटो मागा. नव्या वाणाचं नाव नेदरलँड्समधल्या केएव्हीबी या संस्थेकडे नोंदवता येतं. नोंद नसणं हा गुन्हा नाही, पण नोंद आहे असा दावा केला तर तपासता येतो.

खरेदी शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, फुलासकट कुंडीत किंवा फूल नुकतंच सरलेलं पानासकट. पाकीट उघडताच तारखेसह फोटो घ्या, कंदाशेजारी मोजपट्टी आणि विकणाऱ्याने दिलेली नावाची पट्टी ठेवून. पुढे कोंबाच्या बुडाचा, फुलाचा समोरून, आणि बाहेरची एक पाकळी काढून आतल्या पाकळीचा काळ्या कागदावर. फोटो सावलीत आणि एक्स्पोजर थोडं कमी करून काढा, नाहीतर पांढरा रंग फुटतो आणि खुणेची कड दिसत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा. जाहिरातीतला फोटो अनेकदा दुसऱ्याच्या बागेतला उचललेला असतो. तो फोटो इंटरनेटवर टाकून उलट शोध घेतला की बऱ्याचदा मूळ सापडतं.

मूळ तुटलेले, चेपलेले, लहान-मोठे मिसळलेले कंद स्वस्तात आले तर ते रानातून उपटलेले असण्याचा संभव असतो. ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानटी रोप मुळासकट काढणं १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टने बेकायदा आहे. तुर्कस्तान आणि जॉर्जियातून येणाऱ्या कंदांवर सायटीस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराचं नियंत्रण आहे. गॅलँथस त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. महाराष्ट्रात कोणी ‘स्नोड्रॉपचे कंद, कुठेही फुलतील’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. या कंदाला थंडीचा लांब हंगाम लागतो, पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात तो टिकत नाही, आणि परदेशातून मागवायचा तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो.

फसव्या नावाने आलेले कंद फेकू नका, पण ते नावही पुढे जाऊ देऊ नका. पट्टी बदला: ‘निव्हॅलिस, बिननावाचा, अमुक साली अमुक नावाने आलेला’. तो गठ्ठा विभागून मैत्रिणींना द्याल तेव्हा हीच पट्टी सोबत द्या. पानाच्या बुडाचा फोटो आणि जाहिरातीची प्रत जोडून संकेतस्थळाकडे आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक मदतवाहिनीकडे लेखी तक्रार करा, रक्कम १८ पौंड असली तरी; तिथून ती माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सपर्यंत, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर कारवाई करणाऱ्या स्थानिक खात्यापर्यंत जाते.