विमानतळ ते गिरगाव, आप्पेपात्रासकट

लेक बेंगळुरूला, आम्ही गिरगावात. त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा विमानतळाच्या दोन नंबरच्या टर्मिनलवर मी बॅग घेऊन उभी असते आणि प्रश्न एकच असतो: आता घरी कसं जायचं? गेल्या दोन वर्षांत चारही प्रकार करून झालेत. कोणाला उपयोग झाला तर बघा.

आधी माझी परिस्थिती सांगते, कारण सगळा हिशेब तिथून सुरू होतो. घर ठाकुरद्वारजवळ, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लाकडी जिना, तोही मध्येच वळणारा. म्हणून माझा नियम असा की जी बॅग मी एकटीने तिसऱ्या मजल्यावर चढवू शकत नाही ती आणायचीच नाही. आमचे हे याच्या बरोबर उलटे. ते बरोबर असले की दोन मोठ्या बॅगा, एक खोका आणि लेकीने शेवटच्या क्षणी हातात दिलेली पिशवी. वय एकसष्ट असलं तरी एकटी असताना मी तरुण असते असं म्हणायला हरकत नाही.

पहिला प्रकार, मोबाइलवरून मागवायची गाडी. संध्याकाळी सातला उतरले होते. पहिल्या ड्रायव्हरने फोन करून विचारलं, "कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?" ऑनलाइन म्हटल्यावर गाडी कॅन्सल. दुसऱ्याने काहीच विचारलं नाही, नकाशावर त्याची गाडी एका जागी दहा मिनिटं उभी राहिली आणि मग तीही गेली. तिसरा आला तोपर्यंत भाडं दीडपट झालं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचे अनुभव सारखेच ऐकते. एक मात्र खरं, मुलगा चांगला होता, बॅग स्वतः उचलून जिन्यापर्यंत आणून दिली आणि "काकू, लिफ्ट नाही का?" असं दोनदा विचारलं.

दुसरा, काळी-पिवळी टॅक्सीचं प्रीपेड. मला हा प्रकार मनापासून आवडतो. खिडकीवर पैसे भरायचे, पावती घ्यायची, घासाघीस नाही. टॅक्सीची ती जुनी पद्मिनी गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण रंग आहे आणि काही ड्रायव्हर अजून असे भेटतात ज्यांना नुसतं "ठाकुरद्वार" म्हटलं की पुरतं, नकाशा लावावा लागत नाही. मीटरचा दर फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६. टर्मिनलपासून आमच्या घरापर्यंत साधारण २४ किलोमीटर धरले तर पाचशेच्या आसपास होतात, मध्यरात्रीनंतर पंचवीस टक्के जास्त. प्रीपेडला याहून थोडे अधिक पडतात आणि सी लिंकवरून नेलं तर १०० रुपये टोल वेगळा. तो मी हसत देते. कारण सी लिंकवरून उतरून कोस्टल रोडला लागलं की मलबार हिलखालच्या बोगद्यातून गाडी थेट मरीन ड्राइव्हला बाहेर येते. रात्री अकराला तिथून समुद्राचा वारा आत आला की प्रवास संपल्यासारखा वाटतो. पूर्वी याच वेळी आम्ही पेडर रोडला एकेक सिग्नल मोजत असायचो.

मात्र हे सुख रात्रीचं. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये विमानतळावरून हायवेला लागेपर्यंतच जीव जातो, मग पुढे कितीही बोगदे असोत.

तिसरा प्रकार काटकसरीचा आणि तो मी एकदाच केला: मरोळ नाक्यावरून वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने अंधेरी आणि तिथून लोकल. अंधेरी ते चर्नी रोड दुसऱ्या वर्गाचं तिकीट दहा रुपये, जगात एवढ्यात कुठे काय मिळतं? पण चर्नी रोडला सगळ्या फास्ट गाड्या थांबत नाहीत, मला स्लोच पकडावी लागली. अंधेरीचा पूल, बॅग आणि वरून उतरणारी माणसं. ज्यांची रोजची सवय अजून मोडलेली नाही त्यांनी करावं. माझी मोडली.

आणि आता चौथा, भुयारी मेट्रो ३. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. बांद्रा-कुर्ला संकुलापर्यंत (म्हणजे बीकेसी) ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये आणि आमच्या गिरगावपर्यंत यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर पत्र्यांच्या भिंती इतकी वर्षं होत्या की त्या काढल्यावर समोरचं दुकान ओळखू येईना. काहींच्या चाळीच गेल्या. त्यामुळे आमच्याकडे या मेट्रोबद्दल कोणी एकदम टाळ्या वाजवत नाही. पहिल्यांदा बसले तेव्हा मीही जरा रागातच बसले होते.

दुपारी दोनला विमान उतरलं. मेट्रोचं स्थानक टर्मिनलच्या अगदी पायाशी नाही, बॅग ओढत थोडं चालावं लागतं, पाट्या बघत जा. आत शिरताना सामान पट्ट्यावर ठेवायचं. माझी बॅग आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोरच्या मुलीने वाकून बघितलं. काळ्या वर्तुळात सात काळी वर्तुळं, एक मधोमध आणि सहा भोवताली.

"काकू, हे काय आहे?"

"आप्पेपात्र. बिडाचं. लेकीने दिलंय."

ती दोन सेकंद गंभीर राहिली, मग हसली. "आमच्या आईकडे आहे. चिकटत नाही ना?" मी म्हटलं, पहिले दोन घाणे चिकटतात, मग नाही. मागे रांग लागली होती म्हणून, नाहीतर मी तेल कसं मुरवायचं तेही सांगितलं असतं.

फलाटावर फक्त एक लक्षात ठेवा: कफ परेडची बाजू. दुसरी गाडी आरेला नेईल. डबा थंड, दुपारी बसायला जागा. सामानासाठी वेगळी सोय नाही, बॅग गुडघ्यांत धरून बसायचं. ही ऑफिसला जाणाऱ्यांची गाडी आहे आणि आपण मध्येच आप्पेपात्र घेऊन घुसलेले असतो. बीकेसीला संध्याकाळी जी गर्दी चढते तिच्यात दोन मोठ्या बॅगा घेऊन उभं राहायची कल्पनाही नको.

स्थानकांच्या नावांना प्रायोजक चिकटलेत. आचार्य अत्र्यांच्या आधी म्युच्युअल फंडाचं नाव आहे. दहा हजार वर्षांत असा बोर्ड कोणी लिहिला नसेल.

टर्मिनलपासून गिरगाव पाऊण तासाच्या आत आलं. अख्ख्या मार्गाचं जास्तीत जास्त भाडं ७० रुपये, मला त्याहूनही कमी पडलं. खाली दादर गेलं, सिद्धिविनायक गेलं, ग्रँट रोड गेलं, आणि मला वरचं काहीच दिसलं नाही. याची मला जरा चुटपुट लागली. विमानातून आल्यावर माहीमच्या खाडीचा वास आला नाही तर मुंबईत आलो हे कळणार कसं? सरकत्या जिन्याने वर आले तर समोर आपलाच रस्ता, ओळखीचा भाजीवाला. "कुठून, मावशी?" म्हणाला. जमिनीखालून, म्हटलं.

ह्यांचं मत वेगळं. मे २०२५ च्या पावसात अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं होतं ते त्यांनी मनात धरून ठेवलंय. पावसाळ्यात मी खाली उतरणार नाही, म्हणतात. हायवेवर गुडघाभर पाण्यात टॅक्सी अडकते ते चालतं.

तर एकटी, एक बॅग आणि दिवसाचं विमान असेल तर मी डोळे मिटून मेट्रो घेते. दोघं असू, खोका असेल, किंवा विमान रात्री साडेनऊनंतरचं असेल तर प्रीपेड. दोन्ही टोकांकडून शेवटची मेट्रो साडेदहाला सुटते आणि पट्ट्यावरून बॅग कधी येईल याचा भरवसा कोणी द्यावा? मोबाइलवाली गाडी तिसरा पर्याय, तीही पहाटेची, रस्ता रिकामा असतो तेव्हा.

परवा लेकीचा फोन आला, नवी मुंबईच्या विमानतळाचं तिकीट स्वस्त मिळतंय, काढू का? २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झालीत. मी विचारलं, उलव्याहून ठाकुरद्वारला आणणार कोण? अटल सेतूचा टोल तू भरणार का? ती म्हणाली, आई, तू आधी आप्पे कसे झाले ते सांग.