बिगिनर गिटार, आठ महिने वापरून: सगळा राग त्या नटवर (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी)

लाकूड कुठलं, फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किती हे बॉक्सवर लिहिलेलंच असतं, त्यात मी पडत नाही. साधी स्टील तारांची अ‍ॅकॉस्टिक आहे, आयुष्यातली पहिली, आणि तिसऱ्या महिन्यात मी तिला मनातल्या मनात एक स्टार देऊन मोकळी झाले होते.

कारण एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर). जी, सी, डी, ई मायनर या कॉर्ड दीडेक महिन्यात बसल्या, बोटांची टोकं सोलवटली, मग घट्टे पडले, ते सगळ्यांचंच होतं. पण एफची बार कॉर्ड काही केल्या वाजेना. पहिलं बोट आडवं टाकून जीव खाऊन दाबायचं, अंगठा भरून यायचा आणि आवाज काय तर ठप्प ठप्प. वर साधी सी सुद्धा बेसूर वाटायची, ट्युनर बघावा तर मोकळ्या सहाही तारा बरोब्बर. मला वाटलं माझे कानच गेले.

जिथून घेतली त्यांना फोन केला तर "मॅडम, नवीन आहात, बोटं तयार होतील". परत केला तर "रोज प्रॅक्टिस करा". मग फोटोच पाठवला, बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून, जाड तारेखाली चक्क 4 मिमी अंतर (अडीचच्या आसपास बास असतं), तर म्हणे "नॉर्मल आहे, सेटअप हवा तर वेगळे पैसे". नवीकोरी वस्तू वाजवण्यालायक करून द्यायचे वेगळे पैसे! सटकलीच माझी. म्हटलं एक दमडी देणार नाही, स्वतः करते.

तारा काढल्या, ब्रिजवरचं सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उपसलं, पेन्सिलने रेघ मारली आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून खालची बाजू घासत बसले. हिशोब असा की बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर येतो, म्हणून तिथे 1 मिमी कमी हवं तर सॅडल 2 मिमी घासावं लागतं. मी जोशात जास्तच घासलं, जाड तार झण्ण करायला लागली, मग खाली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापून घातली, ती अजून तिथेच आहे. अंतर अडीचवर आलं. आणि एफ? तस्साच ठप्प.

खरा चोर सापडला तो मैत्रिणीचा कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) आणला तेव्हा. पहिल्या फ्रेटवर लावला, त्याच्या पुढे तोच एफचा आकार धरला आणि सहाच्या सहा तारा वाजल्या! मी चार वेळा कॅपो काढून लावून बघितला. म्हणजे बोटं ठीक होती, नटच्या खाचा उथळ होत्या, तारा तिथे नको इतक्या उंच बसलेल्या. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघायची, केसाएवढी हवी, माझ्याकडे दुमडलेलं कार्ड आरामात गेलं. सी बेसूर वाटायची तीही यानेच, इतकी वरून तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर चढतो. कान शाबूत.

खाचा कोरायच्या बारीक कानशी माझ्याकडे नाहीत, आणि खाच जास्त खोल गेली तर नटच बदलावा लागतो, म्हणून दोन महिने फुकटचा जुगाड केला: सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवायच्या आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो. स्वर परत जागेवर, नटचा प्रश्न मिटला, फक्त दांडीवरचे खुणेचे ठिपके एक घर चुकतात आणि सारखा घोळ होतो. शेवटी मैत्रिणीने कॅपो परत मागितला, तेव्हा मुकाट्याने कारागिराकडे गेले. वीस मिनिटांत झालं. तीन महिने "बोटं तयार होतील" ऐकलं त्या वीस मिनिटांसाठी.

त्याच वेळी 12 नंबरच्या जाड तारा काढून 10 च्या बारीक घातल्या, आवाज थोडा पातळ झालाय पण हात खूश. नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलंय, त्यामुळे ट्यून करताना तार टिंग करून उडी मारायची तेही थांबलं. बाकी खुंट्या ठीकठाक.

तर एक स्टारवरून आता चार. एफ दहातून आठ वेळा वाजतो, बी मायनरशी मारामारी चालू आहे. पाचवा स्टार मी नटसाठी कापणार होते पण तो बॅगच्या चेनसाठी कापतेय, ती पहिल्याच महिन्यात गेली आणि त्यावरही उत्तर आलं, "नॉर्मल आहे".