बिघाड टाकीच्या व्हेंटचा, बिल पिस्टनचं

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची ही फसवणूक. जुनी बाग काढताना त्याचं ४५ सीसीचं चांगल्या कंपनीचं चेनसॉ (झाडं कापायची साखळी-करवत) मशीन दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि धाप लागल्यासारखं बंद पडायचं. थोडा वेळ ठेवलं की पुन्हा सुरू. नाशिकमधल्या एका दुकानात दोरी दोनदा ओढून निदान झालं: "पिस्टन गेला. पिस्टन-सिलिंडरचं किट टाकायचं तर ६,८००, नाहीतर १,५०० घ्या आणि मशीन सोडून जा." त्याने किट टाकून घेतलं. पुढच्या कामावर मशीन तसंच बंद पडू लागलं.

मग सायलेन्सर उघडला गेला. एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या तोंडात, कडक, काळा, जुना कार्बन जाड बसलेला. सिलिंडर नवा असता तर दोन टाक्या पेट्रोलवर एवढा थर चढला नसता. किट बदललंच नव्हतं. खरा बिघाड कुठे होता? बंद पडलेल्या अवस्थेत टाकीचं झाकण सैल केलं, 'स्स' करून हवा आत ओढली गेली आणि मशीन लगेच सुरू झालं. टाकीची व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याचं छिद्र, भुशाने बुजली होती. पेट्रोल कमी होत जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळेनासं होतं. बंद ठेवल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून मशीन 'थंड झाल्यावर' सुरू होतं. साफसफाईचं काम, फार तर नवी व्हेंट.

'गरम झाल्यावर बंद' हे लक्षण ठगांच्या सोयीचं आहे, कारण पिस्टन झिजल्यावरही तसंच होतं आणि ठिणगी देणारी कॉइल तापून निकामी झाल्यावरही. म्हणून दुकानात जाण्याआधी, मशीन बंद पडलेल्या क्षणीच तीन गोष्टी बघा. आधी झाकण सैल करा. नाही चाललं तर स्पार्क प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही: टाकीतला फिल्टर, चिरलेली पेट्रोल नळी किंवा कार्बोरेटरचा कडक झालेला डायफ्रॅम (आतला पातळ पडदा). ओला असेल तर प्लग कॅपमध्ये घालून धातूला टेकवा आणि दोरी ओढा. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब राहा, तिथून पेट्रोलचा फवारा येतो. ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून बघा, तरी नसेल तर संशय कॉइलवर. छाटणीनंतर महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल तसंच राहतं आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने डायफ्रॅम लवकर आखडतो. डायफ्रॅमचा संच काही शे रुपयांत मिळतो.

पिस्टनची खात्री डोळ्यांनीच करा. सायलेन्सरचे बोल्ट काढले की एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन दिसतो. बाजू गुळगुळीत, बारीक आडव्या रेघा शाबूत, रिंग मोकळी, म्हणजे पिस्टन ठीक. उभे खोल ओरखडे असतील तर मात्र गेला. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर बहुतेकदा ऑइल कमी पडलेलं असतं किंवा मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेलेली. गेजवर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) १२० पीएसआयच्या वर असेल तर चिंता नको, ९० च्या खाली असेल तर किटचा विचार करा. कुणी "लेथवर बोअर मारून देतो" म्हणालं तर मशीन उचलून घरी न्या. या सिलिंडरला आतून क्रोम किंवा निकेलचा मुलामा असतो, तो खरवडला की सिलिंडर वाया. मुलामा शाबूत असेल तर त्याला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम साफ करून नुसता पिस्टन बदलता येतो, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

विकायचं कधी? फ्लायव्हील वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवला तर क्रँकच्या बेअरिंग गेल्या. त्यात सिलिंडरही ओरखडलेला असेल तर दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीवर जातो, विकून मोकळे व्हा. पण पिस्टन चांगला असताना १,५०० ला मशीन सोडणं म्हणजे साखळीचा बार, कॉइल, कार्बोरेटर आणि क्लच फुकट देणं. ठगाला हवं असतं ते हेच. दुरुस्त करून तो तेच मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकतो.

दुरुस्तीला देताना सिरियल नंबर आणि कार्बोरेटरवरचं नाव-मॉडेल यांचे फोटो काढा. मूळ कार्बोरेटर काढून बिननावाचा बसवणं ही दुसरी नेहमीची चाल. बदललेले जुने पार्ट परत मागायचे, हे काम देतानाच ठरवून घ्या. बिलावर 'किट' असं मोघम न लिहिता पार्ट नंबर लिहून घ्या. पावती नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पुढे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तिथे हे फोटो आणि पार्ट नंबर असलेलं बिलच कामाला येतं.